चावीकाकांचे सात व्हॉल्व्ह

गावात पाण्याचे एकशे त्रेचाळीस व्हॉल्व्ह होते आणि ते सगळेच्या सगळे चावीकाकांच्या डोक्यात होते. डोक्यात म्हणजे डोक्यातच. कागदावर एकही नाही. पाणीखात्यात कधीकाळी एक नकाशा होता म्हणे, पण कपाटाला ओल लागून त्याचा लगदा झाला, आणि दोन पायांवर चालणारा नकाशा हाताशी असताना नवा काढायची तसदी कोण घेणार?

काम बघायला सोपं. रस्त्यात लोखंडी झाकण, झाकणाखाली चेंबर, चेंबरच्या तळाशी व्हॉल्व्ह. माणसाच्या उंचीची, वर आडवी मूठ असलेली चावी आत सोडायची आणि फिरवायची. पण किती फेरे? कुठे नऊ, कुठे चौदा, कुठे बावीस. आणि कोणत्या बाजूला? खरी मेख इथेच होती. बहुतेक व्हॉल्व्ह सरळ, म्हणजे उजवीकडे फिरवले की बंद होणारे. पण फार पूर्वी कुण्या दुसऱ्याच कंत्राटदाराने बसवलेले काही उलटे होते. ते डावीकडे बंद व्हायचे. उघड्या व्हॉल्व्हला चुकीच्या बाजूने जोर लावला की आतला दांडा तुटायचा. मग तो ना बंद होणार ना उघडणार, आणि अर्धं गाव कोरडं ठेवून रस्ता खणावा लागणार. चावीकाकांच्या हातून एकतीस वर्षांत एकही दांडा तुटला नव्हता. ही गोष्ट ते स्वतःहून कधी सांगत नसत. फक्त दर दोन दिवसांनी कुणीतरी विचारेल अशी व्यवस्था करत.

मुलीच्या लग्नासाठी त्यांनी एक दिवस रजा घेतली, तेव्हा कचेरीतून तीन वेळा फोन आला होता. व्याही नमस्कार करायला पुढे आले आणि काका फोनमध्ये ओरडत होते, "डावीकडे! बावीस!" हा किस्सा सांगताना त्यांचा चेहरा असा खुलायचा की बायको उठून आत जायची. "लग्न मुलीचं होतं की व्हॉल्व्हचं, ते मला अजून कळलेलं नाही," असं ती आतूनच म्हणायची.

अशा माणसाला मागच्या वर्षी एका सकाळी दवाखान्याच्या कोपऱ्यावर चावी आत सोडल्यावर प्रश्न पडला, नऊ की अकरा?

ते तसेच उभे राहिले. मग हाताने आपोआप फिरवायला सुरुवात केली आणि जिथे थांबायचं तिथे हात थांबला. किती फेरे झाले ते त्यांनी मोजलंच नाही. "वय झालं, दुसरं काय," असं म्हणून त्यांनी झाकण लावलं. पण दिवसभर त्यांना थोरला भाऊ आठवत राहिला. थोरला भाऊ आयुष्यभर बस चालवणारा, गावातला प्रत्येक खड्डा पाठ असलेला. तो आता एकच वर्तमानपत्र दिवसातून चारदा पहिल्यांदाच वाचल्यासारखं वाचायचा आणि चष्मा साखरेच्या डब्यात ठेवायचा. घराण्यातच असतं का हे? हा प्रश्न काकांनी कुणालाही विचारला नाही. विचारला की उत्तर मिळतं, आणि उत्तर नको होतं.

त्यांचा जोडीदार लंबू होता, पंधरा वर्षं बरोबर काम करणारा. उंच, हसरा, आणि डोक्यात सतत काहीतरी नवीन शिजवणारा. एकदा तो म्हणाला होता, "काका, चावीच्या मुठीला कान लावून बघा. व्हॉल्व्ह बंद व्हायला लागला की आत पाणी शिट्टी मारल्यासारखं वाजतं. उघडा असला की नुसता गोंगाट. फेरे नाही मोजले तरी कळतं."

"मग लाव ना कान," काका म्हणाले. "सकाळ-संध्याकाळ लाव. व्हॉल्व्ह तुला मनातलं सगळं सांगेल." आसपासचे सगळे हसले. लंबूही हसला, पण त्यानंतर काकांसमोर त्याने मुठीला कान लावला नाही.

आणि मग खात्यात नव्या मॅडम आल्या.

बारीक चणीच्या, पायात जाड बूट, हातात लिटरभराची बाटली. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "हे असंच का करतो आपण?" या प्रश्नाची कचेरीला सवय नव्हती. हेडक्लार्कने चष्मा पुसला. शिपायाने चहा सांगितला. मॅडम म्हणाल्या, "एकशे त्रेचाळीस व्हॉल्व्ह एका माणसाला माहीत. उद्या काका आजारी पडले तर? आपण सगळं लिहून काढू. नंबर, जागा, सरळ की उलटा, किती फेरे. आणि प्रत्येक व्हॉल्व्ह निदान दोघांना माहीत पाहिजे."

खरं तर हे ऐकून एखाद्याला हायसं वाटलं असतं. विसरायला लागलेल्या माणसाला कुणीतरी कागद देत होतं. देवच पावला म्हणायचा. पण काकांच्या कानात शिरलं ते एवढंच, की दोघांना माहीत पाहिजे. म्हणजे दोघांतला एक जास्तीचा. बाहेर आल्यावर शिपायाने वर मीठ चोळलं. "काका, तुमच्या डोक्याची झेरॉक्स काढतायत. झेरॉक्स निघाली की मूळ प्रत कोण सांभाळतो हो?"

तो बिचारा थट्टा करत होता. काका मात्र घरी जाईपर्यंत त्याच वाक्यावर चालत होते.

"सांगा की सगळं," बायको म्हणाली. तिच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून कागद चिकटवलेला असे. कुणाचं औषध, कुणाचा फोन, कोणता डबा कुणाकडे गेलाय, सगळं त्यावर. "लिहिलेलं असलं की डोकं मोकळं राहतं."

"माझं डोकं मोकळं करायलाच निघालेत सगळे," काका म्हणाले आणि जेवायला बसले. जेवण काही गेलं नाही.

लागोपाठ चार दिवस दुपारी ते मॅडमच्या टेबलासमोर बसले. मॅडम विचारत, काका सांगत, मॅडम खाली मान घालून लिहीत. पहिल्या दिवशी सगळं ठीक चाललं. दुसऱ्या दिवशी अडतिसाव्या व्हॉल्व्हला काकांच्या ओठांवर "उलटा" आलं होतं, आणि तोंडातून बाहेर पडलं, "सरळ."

मॅडमनी "सरळ" लिहिलं. पेन अडखळलं नाही. काकांनी वाट पाहिली; छतावरचा पंखा फिरत राहिला, काहीच झालं नाही. मग त्यांनी आणखी सहा व्हॉल्व्ह खोटे सांगितले. लागोपाठ नाही, अंतर ठेवून, आणि तेही क्वचित लागणारे, जे वर्षावर्षात कुणी फिरवत नाही असे. हिशेब सरळ होता. कधीतरी कागद चुकेल, लंबू गडबडेल, आणि कुणीतरी म्हणेल, काकांना बोलवा. निवृत्तीला तीन वर्षं होती. तेवढी निघाली असती.

त्या संध्याकाळी ते शीळ वाजवत घरी आले. बायकोने विचारलं, "आज काय सापडलं?"

"काही नाही," ते म्हणाले. आणि खरोखरच, पुढच्या दोनच दिवसांत त्यांच्या लक्षात आलं की सापडलेलं काही नाही, हरवलेलं मात्र आहे.

खोटं बोलणाऱ्याला आठवण पक्की लागते. हे शहाणपण सगळ्यांना माहीत असतं, पण ज्याची आठवणच पाझरायला लागलीय त्याने खोटं बोलावं, याला काय म्हणावं? अडतीस नक्की. बाजाराच्या मागचा नक्की. शाळेच्या भिंतीपाशी एक, टाकीच्या उताराला एक, पिठाच्या गिरणीसमोर एक. झाले पाच. पुढे? काका सकाळी दाढी करताना बोटं मोजत, जेवताना मोजत, चालताना खिशात हात घालून मोजत. पाचावर गाडी अडायची.

"बोटं कसली मोजताय?" बायकोने विचारलं.

"व्हॉल्व्ह."

"का? पळून चाललेत?"

एरवी ते हसले असते. त्या दिवशी ते ताटावरून उठले, आणि बायको त्यांच्या पाठीकडे बघत राहिली.

मॅडमनी तक्ता छापून, वर प्लॅस्टिक चढवून कचेरीच्या भिंतीला लावला, आणि एकेक प्रत सगळ्यांना दिली. काका रोज त्या भिंतीसमोर उभे राहू लागले, परीक्षेच्या निकालात आपला नंबर शोधणाऱ्यासारखे. वाटायचं, खोटं दिसेल, डोळ्यात खुपेल. पण सगळं एकाच टंकात होतं, एकसारख्या चौकटीत. खरं आणि खोटं शेजारी शेजारी बसलं होतं आणि दोघांच्याही चेहऱ्यावर सारखाच प्रामाणिकपणा होता.

"काका, काही चुकलंय का?" मॅडमनी एकदा मागून विचारलं.

हीच ती वेळ होती. दार उघडं होतं, मॅडम जवळ होत्या, विचारणाऱ्या आवाजात शंका नव्हती. काका म्हणाले, "नाही, नाही. छान छापलंय."

दीड महिना असाच गेला. त्यांचं वजन उतरलं. ज्या फोनची त्यांनी आयुष्यभर मिजास केली, तोच आता वाजू नये असं त्यांना वाटत होतं.

तो मंगळवारी वाजला, दुपारी साडेबाराला. छापखान्याच्या वळणावर मोठी लाइन फुटली होती. मॅडम म्हणाल्या, "लंबू जवळच होता, तो पोचलाय. एकसष्ट नंबर बंद करतोय. तुम्ही पण या."

एकसष्ट. काका सायकलवर बसले आणि वाटभर तो आकडा उलटासुलटा करत राहिले. एकसष्ट नंबर मी खरा सांगितला की खोटा? त्या व्हॉल्व्हला हात लावून किती वर्षं झाली होती? आठ? दहा? डोळ्यांपुढे ते झाकण आणायचा त्यांनी प्रयत्न केला आणि दुसरंच कुठलं तरी झाकण आलं.

वळणावर गुडघाभर पाणी उसळत होतं. डांबर फाटून पदरासारखं उलटलं होतं, आणि सगळा लोंढा उताराने समोरच्या छोट्या प्रसूतिगृहाच्या तळघराकडे चालला होता. तळघरात विजेचा बोर्ड होता. दारात दोन नर्स केरसुण्यांनी पाणी ढकलत होत्या आणि एक म्हातारा डॉक्टर पँट वर खोचून पोती रचत होता. "वर दोन बायका अडल्यात हो! बोर्ड भिजला तर सगळंच बंद पडेल!" तो ओरडला. चेंबरजवळ लंबू चावी धरून वाकला होता. त्याच्या खिशातून तक्त्याची प्रत बाहेर डोकावत होती. मॅडम बाजूला उभ्या होत्या, बुटांवरून पाणी वाहत होतं.

"काका, बरं झालं आलात," लंबू धापा टाकत म्हणाला. "कागदावर सरळ आहे, चौदा फेरे. पण उजवीकडे हलतच नाही. गंजलाय वाटतं. दोघं मिळून जोर लावू."

त्याने मुठीची एक बाजू मोकळी केली. काकांनी ती धरली. हाताला थंडगार लोखंड लागलं आणि त्यांना सगळं एकदम स्वच्छ दिसलं. गंजलेला असला, तर जोर लावायलाच हवा, आणि लगेच. उलटा असला, तर तो आधीच पूर्ण उघडा आहे, आणि आता दोघांनी जोर लावला की दांडा तुटणार. मग दोन फर्लांग लांबचा मोठा व्हॉल्व्ह बंद करेपर्यंत तळघर भरणार. दोन्हीपैकी काय खरं, ते सांगू शकणारा गावात एकच माणूस होता, आणि त्याला ते माहीत नव्हतं.

"एक, दोन..." लंबू म्हणाला.

"थांब!"

लंबू थांबला.

"जोर लावू नकोस. त्या कागदावर विश्वास ठेवू नकोस." काकांचा आवाज त्यांना स्वतःलाच ओळखू येईना. "मॅडम, मी खोटं सांगितलं होतं. सात व्हॉल्व्ह खोटे सांगितले."

मॅडमच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं, पण त्यांनी ते तिथल्या तिथे आवरलं. "हा त्यातला आहे?"

आता पुढचं वाक्य. पहिलं परवडलं, पहिल्यात निदान लबाडी होती, आणि लबाडी करायला डोकं लागतं.

"मला आठवत नाही," काका म्हणाले. "मॅडम, मला हल्ली आठवत नाही."

लंबू त्यांच्याकडे बघत होता. पंधरा वर्षांत त्याने हे वाक्य त्या तोंडातून ऐकलं नव्हतं. एखाद्याने सूड उगवला असता. लंबू घाबरत, जवळजवळ परवानगी मागितल्यासारखं म्हणाला, "काका, कान लावून बघू का? मी हळूच डावीकडे घेतो. जोर न लावता."

"लाव," काका म्हणाले. मग म्हणाले, "नाही, थांब. तू फिरव. कान मी लावतो. कसला आवाज, ते सांग."

"आता नुसता गोंगाट येईल. बंद व्हायला लागला की शिट्टी."

काका गुडघाभर पाण्यात वाकले आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी चावीच्या मुठीला कान टेकवला. लंबूने डावीकडे वळवलं. चावी जराशी कुरकुरली आणि गेली. एक फेरा. दोन. आत नुसता गोंगाट होता, बाजारासारखा. पाच. सहा. काकांनी डोळे मिटले. आठव्या फेऱ्याला गोंगाटात कुठूनतरी एक बारीक, लांब शिट्टी उठली.

"वाजतंय," ते म्हणाले. "लंबू, वाजतंय रे! फिरव!"

सोळाव्या फेऱ्याला चावी थांबली आणि आवाजही थांबला. रस्त्यावरचा लोंढा आधी लंगडला, मग बसला. पाणी तळघराच्या खालून तिसऱ्या पायरीपर्यंत चढलं होतं. बोर्ड पाचवीच्या बरोबरीला, अजून कोरडा. डॉक्टरने हातातलं पोतं तसंच खाली टाकलं आणि त्याच्यावरच बसला. वरच्या खिडकीतून थोड्या वेळाने तान्ह्या बाळाचं रडणं ऐकू आलं, पण तिथे कुणाचं लक्ष नव्हतं. लंबू ओल्या कागदावरच पेनाने खरडत होता: एकसष्ट, उलटा, सोळा.

कचेरीत मॅडमनी दार लोटून घेतलं. काका उभेच राहिले. ओल्या कपड्यांनी खुर्चीवर बसायचं कसं, असं ते म्हणाले, पण कारण ते नव्हतं.

"कोणते सात?" मॅडमनी विचारलं.

काकांनी पाच सांगितले. मग बोटांकडे बघत राहिले. शेवटी म्हणाले, "दोन नाही सापडत."

"म्हणजे सगळेच तपासायला हवेत. एकशे त्रेचाळीस."

"हो." मग त्यांच्याने राहवेना. "मला काढून टाकणार?"

मॅडम रागावल्या होत्या, आणि तो राग लपवायची त्यांना काही गरज वाटत नव्हती. "ते मी नाही ठरवत, वरचे ठरवतील. मी रिपोर्टमध्ये लिहिणार आहे, काका. जे झालं ते सगळं. तुम्ही थांबवलंत तेही." त्यांनी बाटलीतलं पाणी एका दमात निम्मं संपवलं. "आणि हे केव्हापासून होतंय? विसरणं?"

"वर्ष झालं."

"घरी सांगितलंत?"

काकांनी मान हलवली. नाही.

त्या संध्याकाळी सांगितलं. बायकोने ऐकून घेतलं, मग म्हणाली, "मला कळत नव्हतं असं वाटलं तुम्हाला? दोनदा गॅस चालू ठेवलात. मी वाट बघत होते, तुम्ही कधी बोलताय त्याची." मग ती उठली आणि कपाटाच्या दाराआतल्या कागदावर सर्वांत खाली डॉक्टरांची वेळ लिहिली. त्यांच्याकडे पाठ करून ती बराच वेळ लिहीत होती. वेळ तर दोनच शब्दांची होती.

तपासणीला तीन आठवडे लागले. रोज सात-आठ झाकणं. काका फिरवायचे, लंबू कान लावायचा, मॅडम मोजायच्या. काकांनी आकडा तोंडाने सांगायचा नाही, असा मॅडमचा नियम होता. "हाताला थांबू दे," त्या म्हणायच्या. आणि गंमत अशी की हात बहुतेक ठिकाणी बरोबर थांबायचा. जिथे अडखळायचा, तिथे लंबूचा कान होता. तपासलेल्या झाकणावर मॅडम रंग मारायच्या, सरळाला पिवळा आणि उलट्याला लाल. पहिल्या आठवड्यात काका त्या रंगाकडे बघायचेही नाहीत. दुसऱ्या आठवड्यात त्यांनीच डबा हातात घेतला.

शेवटचं झाकण टाकीच्या उतारावर होतं. ते झाल्यावर तिघंही कठड्यावर बसले. मॅडमनी जुना तक्ता आणि नवा तक्ता मांडीवर शेजारी शेजारी धरला आणि चुकलेल्या ओळींखाली पेनाने रेघा मारत गेल्या. मग त्या थांबल्या. पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

"अठरा चुकलेत," त्या म्हणाल्या.

लंबूने काकांकडे पाहिलं. काकांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. समोर उतारावर सगळं गाव पसरलेलं होतं. ठिकठिकाणी पिवळे-लाल ठिपके उन्हात चमकत होते.

"मी सात खोटे सांगितले होते," काका म्हणाले. "सातच. आकडा पक्का आठवतो."

"मग उरलेले अकरा?" मॅडमनी विचारलं, आणि विचारल्यावर लगेच त्यांना विचारल्याचं वाईट वाटलं, कारण उत्तर त्यांनाही कळलं होतं.

"ते मी खरे सांगितले होते, मॅडम," चावीकाका म्हणाले. "अगदी छातीठोकपणे." त्यांनी नव्या तक्त्याची प्रत हातात घेतली, नीट घडी केली, वरच्या खिशात ठेवली आणि खिशाची गुंडी लावली.